जुनी बाईक मिसिंग मारतेय? कार्ब्युरेटर सगळ्यात शेवटी उघडा

गाडी मिसिंग मारायला (झटके देत, अडखळत चालायला) लागली की नव्वद टक्के लोक आधी कार्ब्युरेटरचे दोन स्क्रू फिरवतात. तेवढ्याने नाही भागलं तर कार्ब्युरेटर उतरवून धुतात, मग प्लग बदलतात, मग कोणीतरी सांगतं म्हणून कॉईल. शेवटी कळतं की टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं होतं. तोवर स्क्रूची मूळ जागा हरवलेली असते आणि एका बिघाडाचे तीन झालेले असतात.

म्हणून या लेखात क्रमावर भर आहे. लेख १०० ते १५० सीसीच्या, एका सिलिंडरच्या, कार्ब्युरेटरवाल्या फोरस्ट्रोक गाड्यांसाठी आहे: स्प्लेंडर, पॅशन, सीडी १००, बॉक्सर, सीटी १००, जुनी पल्सर, युनिकॉर्न. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ आल्यावर नव्या गाड्यांत इंधन इंजेक्शन आलं. त्या गाड्यांना इथलं कार्ब्युरेटरचं काहीच लागू नाही.

## आधीची तयारी

लागणारं सामान: प्लग पाना, ८ ते १७ चे पाने, नीट बसणारे दोन-तीन स्क्रूड्रायव्हर (झिजलेले नकोत), फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), काचेची पारदर्शक बाटली, कार्ब क्लिनरचा स्प्रे, पाण्याची फवारणी बाटली, मल्टिमीटर, स्वच्छ सुती फडकं. कंप्रेशन गेज कोणाकडून मागून आणला तरी चालेल. आणि तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल. खाली दिलेले आकडे साधारण आहेत. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

इंजिन रात्रभर थंड झालेलं असावं. टॅपेटचं (व्हॉल्व्ह आणि रॉकरमधल्या फटीचं) काम थंड इंजिनावरच होतं, त्यामुळे सकाळी सुरुवात करणं सोयीचं.

सावधान: काम उघड्यावर करा. पार्किंगच्या बंद शटरमध्ये इंजिन चालू ठेवू नका, सायलेन्सरमधला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. आसपास बिडी-सिगारेट, देवघरातला दिवा, गॅस शेगडी काही नको.

शेवटची गोष्ट, जी कोणीच करत नाही: वही घ्या. काय बदललं ते लिहा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. प्लग, फिल्टर आणि स्क्रू एकाच दिवशी बदलले तर गाडी सुधारली तरी कशाने सुधारली ते कळणार नाही.

## १. लक्षण नेमकं पकडा

‘गाडी नीट चालत नाही’ हे लक्षण नाही. गाडी एकदा चालवून या आणि हे लिहून काढा: बिघाड थंड असताना होतो की गरम झाल्यावर? नुसत्या आयडलिंगला, अर्ध्या थ्रॉटलला की पूर्ण पिळल्यावर? सपाटीला की चढावर? एकटे असताना की डबलसीट?

स्लो स्पीडला बंद पडते पण पळते छान, तर संशय पायलट जेट (कार्ब्युरेटरमधलं स्लो स्पीडचं पेट्रोल सोडणारं बारीक भोक), टॅपेट किंवा हवेच्या गळतीवर. खाली ठीक आणि वर दम सुटतो, तर पेट्रोल कमी पोहोचतंय किंवा मेन जेट (वरच्या वेगाचं), फिल्टर. कोणत्याही वेगात अचानक झटके देते, तर बहुधा करंट (म्हणजे प्लगची ठिणगी). वीस-पंचवीस मिनिटांनी गरम होऊन बंद पडते आणि थंड झाल्यावर काही न झाल्यासारखी सुरू होते, तर कॉईल, पल्सर कॉईल (ठिणगीची वेळ ठरवणारी मॅग्नेटजवळची छोटी कॉईल, पल्सर गाडीशी संबंध नाही) किंवा झाकणाचं भोक.

आता या सगळ्या लेखातली सर्वांत उपयोगी चाचणी. तिला पैसे लागत नाहीत. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, ज्या परिस्थितीत गाडी त्रास देते त्याच परिस्थितीत चोक अर्धा ओढा. गाडी सुधारली तर मिश्रणात पेट्रोल कमी आहे: जेट अर्धवट बुजलंय, कुठून तरी जादा हवा आत येतेय किंवा टाकीतून पुरवठा कमी आहे. गाडी आणखी बिघडली, घुसमटली, तर पेट्रोल आधीच जास्त आहे: फिल्टर चोंदलाय, फ्लोटची निडल (कार्ब्युरेटरच्या वाटीत येणारं पेट्रोल रोखणारी सुई) गळतेय किंवा चोक पूर्ण मागे जात नाही. काहीच फरक पडला नाही तर करंट किंवा कंप्रेशनकडे (सिलिंडरमधल्या दाबाकडे) बघा. याचं उत्तर वहीत पहिल्या ओळीत लिहा, पुढे ते पुन्हापुन्हा लागणार आहे.

## २. इंजिनाचा दोष नसेलही

गाडी मधल्या स्टँडवर घ्या आणि दोन्ही चाकं हाताने फिरवा. घासत असतील तर ब्रेक लागलेला आहे. पावसाळ्यानंतर ब्रेकचा कॅम गंजून अर्धवट अडकणं नेहमीचंच. चेन फार ताणलेली असेल तरी गाडी ओढत नाही. टायरमधली हवा बघा.

मग क्लच. चौथ्या गिअरमध्ये चढावर थ्रॉटल पिळल्यावर इंजिनचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट सरकताहेत. आधी लिव्हरला १० ते २० मिमी ढील आहे ना ते बघा. केबल जादा ताणून ठेवल्यानेही हेच होतं.

इंजिन ऑइलची पातळी तपासा आणि कांडीचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला आणि पातळी वर सरकलेली दिसली तर फ्लोट निडल गळून पेट्रोल इंजिनात उतरतंय. अशा ऑइलवर गाडी पळवू नका. निडलचं काम झाल्यावर ऑइल बदलूनच पुढे जा.

## ३. टाकीतून पेट्रोल येतंय का

झाकणातल्या बारीक भोकातून हवा आत गेली नाही तर टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. गाडी बंद पडल्या क्षणी झाकण उघडा. ‘फुस्स’ असा आवाज येऊन गाडी लगेच सुरू झाली तर दुखणं सापडलं. नाशिकची धूळ, त्यात सध्या सिंहस्थाच्या तयारीसाठी जागोजागी सुरू असलेली रस्त्यांची कामं, आणि टाकी पुसताना झाकणावर चोपडलेलं पॉलिश: भोक बुजायला एवढं पुरतं. कुंभारीण माशीही अशा भोकांत आणि कार्ब्युरेटरच्या व्हेंट पाइपमध्ये मातीचं घर करते, विशेषतः गाडी महिनाभर उभी असेल तर.

पुढे, कार्ब्युरेटरकडचा पेट्रोल पाइप काढून बाटलीत सोडा आणि कॉक उघडा. धार सलग पडली पाहिजे. थेंब थेंब किंवा थांबून थांबून आली तर कॉकमधली जाळी काढून धुवा. काही गाड्यांचा कॉक व्हॅक्यूमवर चालतो, त्यातून इंजिन फिरल्याशिवाय पेट्रोल येतच नाही. तो बिघडलाय असं समजून तोडू नका.

मग फ्लोट बाऊलचा (कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीचा) खालचा ड्रेन स्क्रू सैल करून तिथलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि पाच मिनिटं स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर, गोळ्या किंवा तांबूस गाळ दिसतोय का? आता पंपावर मिळणारं पेट्रोल ई-२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉल पाणी शोषतं, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉलसह खाली वेगळं बसतं. त्र्यंबक, इगतपुरी बाजूला पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत हे हमखास बघा. तसा थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करायची. ‘वरून नवीन दोन लिटर टाकलं की मिसळेल’ हा समज चुकीचा आहे.

जुना पाइप बोटांनी दाबून बघा. कडक, चिरा गेलेला किंवा फुगून मऊ पडलेला असेल तर बदला. जुन्या गाड्यांचं रबर इथेनॉलसाठी केलेलं नव्हतं.

तपासा: सलग धार, स्वच्छ पेट्रोल, मोकळं झाकण. तिन्ही ठीक असेल तरच पुढे.

## ४. एअर फिल्टर

सातपूर-अंबडला रोज ये-जा करणारी किंवा निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांतल्या कच्च्या रस्त्यांवर फिरणारी गाडी असेल तर कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या निम्म्यातच फिल्टर बघावा, असं माझं मत.

फोमचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा, पूर्ण वाळवा, मग थोडं ऑइल लावून जादा दाबून काढा. कागदी फिल्टर धुवायचा नाही. आतून बाहेर हलकी हवा मारा, आणि काळा पडला असेल तर बदला. बाहेरून हवा मारली तर धूळ कागदात आणखी घुसते.

सावधान: ‘फिल्टर काढला की पिकअप वाढतो’ म्हणून बरेच जण तशीच गाडी चालवतात. मिश्रण पातळ होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त), आणि बारीक वाळू थेट पिस्टनपर्यंत जाते. फिल्टरशिवाय गाडी दहा मिनिटं पळाली आणि तुम्हाला बरं वाटलं, तर त्याचा अर्थ एवढाच की फिल्टर चोंदला होता.

## ५. प्लग, आणि तो वाचायची पद्धत

प्लग काढण्याआधी त्याच्या भोवतीची माती फुंकून, ब्रशने काढा. ती वाळू सिलिंडरमध्ये पडली की खर्च वाढला. इंजिन गरम असताना प्लग काढू नका, हेड ॲल्युमिनिअमचं असतं आणि आटे निघून येतात.

घरासमोर दहा मिनिटं आयडलिंगला उभी ठेवून प्लग बघितला तर तो काळाच दिसणार. त्यावरून काही ठरवू नका. प्लग वाचायचा तर गाडी सरळ, मोकळ्या रस्त्यावर (त्र्यंबक रोडला सातपूरच्या पुढे सकाळी लवकर असा पट्टा मिळतो) चांगल्या ओझ्याखाली दोन-तीन किलोमीटर पळवा. मग क्लच दाबून लगेच इंजिन बंद करा, गाडी कडेला घ्या, आणि हेड थोडं निवल्यावर प्लग काढा.

चहाच्या रंगाचा तपकिरी असेल तर मिश्रण बरं आहे. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. काळा आणि तेलकट ओला म्हणजे ऑइल वर येतंय, तिथे कार्ब्युरेटरचा संबंध नाही. पांढराफटक, कडा वितळल्यासारख्या दिसल्या तर पातळ मिश्रण किंवा चुकीच्या नंबरचा प्लग. त्या अवस्थेत गाडी पळवू नका, पिस्टन जाऊ शकतो.

नंबरची गंमत लक्षात ठेवा. एनजीकेच्या प्लगवर आकडा मोठा म्हणजे प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनचं उलट, आकडा मोठा म्हणजे गरम. त्यामुळे ‘जुना सातचा होता, हाही सातचाच द्या’ हे कंपनी बदलली की चालत नाही. दुकानदाराला गाडीचं मॉडेल सांगा.

गॅप साधारण ०.६ ते ०.८ मिमी, मॅन्युअल बघून. बसवताना पहिले आटे बोटांनीच फिरवा. नवा प्लग हाताने टेकल्यावर पान्याने अर्धा फेरा, जुनाच परत लावत असाल तर जेमतेम फेऱ्याचा बारावा ते आठवा भाग. पान्यावर उभं राहायची गरज नाही.

## ६. करंट

प्लग कॅपमध्ये लावून त्याचा धातूचा भाग हेडच्या कोऱ्या धातूला घट्ट टेकवा, प्लगच्या भोकापासून दूर. किक मारा. निळसर, ‘टक्’ आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळी, बारीक, एक किक सोडून येणारी ठिणगी म्हणजे दोष इथे आहे.

सावधान: प्लग हवेत लोंबकळत ठेवून किक मारू नका. करंटला जायला वाट मिळाली नाही की कॉईल किंवा सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) आतून उडू शकतं. प्लग पकडायचा तर इन्सुलेशन असलेल्या पक्कडीने. भोकाजवळ पेट्रोल सांडलेलं असेल तर ही चाचणीच करू नका.

आता क्रमाने: आधी प्लग कॅप आटे फिरवून काढा, वायरचं टोक हिरवं-काळं पडलं असेल तर पाच मिमी कापून कॅप परत घट्ट बसवा. मग कॉईलची अर्थिंग, जिथे ती चॅसीला बोल्टने लागते तिथला गंज घासून काढा. मग सीडीआयचे आणि मॅग्नेटकडून येणारे कनेक्टर उघडून कॉन्टॅक्ट क्लिनर मारा. मग किल स्विच आणि इग्निशन स्विच: ज्या गाड्यांत हे स्विच करंट अर्थ करून गाडी बंद करतात, त्यांत त्यांची वायर तात्पुरती सोडवून बघा. पावसात भिजलेल्या किल स्विचने किती सीडीआय फुकट बदलायला लावली असतील, हिशेब नाही. या सगळ्यानंतरही ठिणगी नसेल तरच मल्टिमीटर घेऊन कॉईल आणि पल्सर कॉईलचा रेझिस्टन्स मॅन्युअलशी ताडून बघा.

फक्त पावसात मिसिंग मारणाऱ्या गाडीसाठी: रात्री अंधारात गाडी चालू करून प्लगच्या वायरवर, कॅपवर पाण्याची बारीक फवारणी करा. करंट बाहेर निसटत असेल तर वायरवर निळ्या रेघा पळताना दिसतात.

गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या गाडीची ठिणगी घरी थंड इंजिनावर तपासून उपयोग नाही. दुसरा प्लग खिशात ठेवा आणि जिथे बंद पडेल तिथेच, त्याच क्षणी बघा. इंजिनातला गरम प्लग काढू नका, नुसती कॅप काढा आणि हातमोजा घाला. खिशातला प्लग कॅपमध्ये लावून ठिणगी बघा.

जुन्या बुलेट, येझदी, राजदूतला सीडीआय नसून पॉइंट असतात. तिथे पॉइंटचा गॅप (साधारण ०.३५ ते ०.४० मिमी) आणि कंडेन्सर हेच आधी बघायचं.

## ७. टॅपेट: लोक उलटं करतात तो टप्पा

टॅपेट वाजतात म्हणून ते आवळून घेणं ही नाशिकमध्येच नाही, सगळीकडे होणारी चूक आहे. थोडा वाजणारा टॅपेट इंजिन बिघडवत नाही. न वाजणारा, आवळलेला टॅपेट बिघडवतो: व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कंप्रेशन गळतं, गरम झाल्यावर गाडी किकला उचलत नाही, आयडलिंग हलतं, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो.

इंजिन थंड. प्लग काढा म्हणजे फिरवायला हलकं जाईल. मॅग्नेटचा बोल्ट पान्याने इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेने फिरवत ‘टी’ खूण केसवरच्या खाचेशी आणा. इथे घोळ होतो: क्रँक दोनदा फिरला की एक चक्र पुरं होतं, म्हणून ‘टी’ खूण एकाच चक्रात दोनदा येते. एकदा कंप्रेशनला आणि एकदा एक्झॉस्ट संपताना, जेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतात. दोन्ही रॉकर बोटाने हलवून बघा. दोन्हींत किंचित खेळ असेल तर जागा बरोबर. नसेल तर आणखी एक पूर्ण फेरा फिरवून पुन्हा बघा. दोन्हीकडे खेळ नाहीच मिळाला तर टॅपेट आवळलेलेच आहेत. अशा वेळी खूण ‘टी’ वर येण्याआधी इनटेक रॉकर दबून वर आला होता का ते बघून जागा ठरवा.

हिरो होंडाच्या १०० सीसी इंजिनांत गॅप फार बारीक असतो, ०.०५ ते ०.१० मिमीच्या आसपास. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे. फिलरची पट्टी थोडी अडत, पण सरकत जायला हवी. लॉकनट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, म्हणून आवळल्यावर गॅप परत मोजा. हे परत मोजणं टाळलं तर मघाचं सगळं काम वाया.

## ८. कंप्रेशन

इंजिन गरम करा, हेड थोडं निवल्यावर प्लग काढा, गेज लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि काटा वर जायचा थांबेपर्यंत पाच-सहा जोरदार किका मारा. थ्रॉटल बंद ठेवून मोजणं ही इथली नेहमीची चूक, त्याने चांगलं इंजिनही आजारी दिसतं. या इंजिनांत १० किलोच्या (दर चौरस सेंटीमीटरला) वर आलं तर ठीक. ७-८ च्या खाली असेल तर कार्ब्युरेटरला हात लावून काहीच होणार नाही.

कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा-सिलिंडर झिजलेत. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. हे पुढचं काम घरी करायचं नाही, चांगल्या मेकॅनिककडे जा आणि त्याला दोन्ही आकडे सांगा.

धूर हाच निकाल पक्का करतो. रात्रभर उभ्या गाडीने सुरू होताना निळा धूर टाकला आणि मग तो थांबला तर व्हॉल्व्ह सील. रेस केल्यावर सतत निळा म्हणजे रिंगा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. निफाडच्या कडाक्याच्या थंडीत सकाळी दिसणारा पांढरा धूर नुसती वाफ असते, त्याला घाबरू नका.

## ९. चोरून येणारी हवा

हे पटकन होतं. गाडी आयडलिंगला ठेवा आणि कार्ब्युरेटर व हेड यांच्यामधल्या रबरी जोडावर, इन्सुलेटरवर साबणाच्या पाण्याची बारीक फवारणी करा. इंजिनचा आवाज बदलला तर तिथून हवा आत जाते. रबराच्या चिरा, ओ रिंग, सैल क्लॅम्प तपासा. काही जण यासाठी पेट्रोल शिंपडतात. गरम सायलेन्सरच्या शेजारी ते करू नये, हे सांगायला लागू नये.

## १०. आता कार्ब्युरेटर

इथवर सगळं ठीक निघालं आणि चोकच्या चाचणीने अजूनही इकडेच बोट दाखवलं, तरच उघडा.

पहिलं काम: मिश्रणाचा स्क्रू हळूच आत फिरवत किती फेऱ्यांनी टेकतो ते मोजून वहीत लिहा. टेकल्यावर जोर लावला तर टोक दबतं आणि मग कधीच नीट ट्यूनिंग होत नाही. मेन जेट, पायलट जेटवरचे आकडे लिहून घ्या. मोबाइलवर प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा.

रबराचे सगळे भाग (ओ रिंग, बाऊल गॅस्केट, डायफ्राम) आधी काढा, मगच कार्ब क्लिनर मारा. डोळ्यांवर चष्मा हवाच, एका भोकात मारलेला स्प्रे दुसऱ्यातून थेट तोंडावर येतो. आणि तेच बघायचं असतं: प्रत्येक मार्गातून स्प्रे दुसऱ्या टोकाला सणसणीत बाहेर आला पाहिजे. पायलट जेटचं भोक केसाएवढं असतं, ते उजेडात धरून बघा. सुई, पिन, ड्रिल घालू नका. जेट पितळेचं असतं आणि भोक किंचित मोठं झालं तरी मायलेज गेलं. फार तर वायरमधली तांब्याची एक बारीक तार.

फ्लोट निडलच्या टोकावर कडं पडलं असेल तर बदला. फ्लोटची पत्री अंदाजाने वाकवू नका. डायफ्रामवाल्या कार्ब्युरेटरमध्ये तो उजेडासमोर ताणून बघा, सुईएवढं भोकही पिकअप मारतं. साध्या स्लाइडचा (थ्रॉटल पिळल्यावर वर सरकणाऱ्या तुकड्याचा) कापलेला भाग एअर फिल्टरच्या बाजूला ठेवूनच बसवायचा.

ई-२० मुळे मिश्रण मुळात थोडं पातळ होतं: शुद्ध पेट्रोलला एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला त्याहून कमी. सगळं स्वच्छ करूनही मधल्या थ्रॉटलला गाडी अडखळत असेल आणि स्लाइडमधल्या जेट निडलला (ही फ्लोटची निडल नव्हे) खाचा असतील, तर क्लिप एक खाच खाली घ्या. निडल वर उचलली जाते आणि पेट्रोल थोडं वाढतं. एकच खाच, मग चालवून बघा. नाशिकची उंची समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास, तेवढ्यासाठी जेट बदलायची गरज नाही.

## ११. ट्यूनिंग

गाडी दहा मिनिटं चालवून गरम करा. थ्रॉटल केबलला थोडी ढील ठेवा, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवताना रेस वाढता कामा नये.

मिश्रणाचा स्क्रू कुठे आहे ते बघा. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा: आत फिरवला की पेट्रोल जास्त. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा: आत फिरवला की पेट्रोल कमी. हे न बघता ‘आत घातला की मायलेज वाढतं’ म्हणणारे निम्म्या गाड्या बिघडवून ठेवतात.

सुरुवात वहीत लिहिलेल्या फेऱ्यांपासून. आयडलिंग थोडं वर घ्या, मग मिश्रणाचा स्क्रू आठवा-आठवा भाग फिरवत आवाज सगळ्यात चढा आणि एकसारखा होईल ती जागा शोधा. आयडलिंगच्या स्क्रूने रेस खाली आणा, स्प्लेंडरसारख्या गाडीला साधारण १४०० आरपीएम. पुन्हा एकदा दोन्ही स्क्रू.

आता झटकन रेस करून सोडा. रेस वर अडकून हळूहळू खाली आली तर मिश्रण पातळ. गरजेपेक्षा खाली जाऊन, बंद पडता पडता सावरली तर पेट्रोल जास्त. आठवा भाग फिरवा, परत बघा.

ओझ्याची परीक्षा घाटातच होते. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाणारा रस्ता किंवा पेठ रोडचा सावळ घाट, मागे माणूस बसवून तिसऱ्या गिअरमध्ये चढवा. न अडखळता ओढली तर उतरल्यावर प्लग पुन्हा एकदा वाचा आणि रंग वहीत लिहा. शंभरेक किलोमीटरनंतर टॅपेटचा गॅप आणि बाऊलमधलं पेट्रोल परत तपासा. आणि पुढे कधी गाडी दोन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून फ्लोट बाऊल रिकामा करून ठेवा.